कवेलूखालची शिंगी

आंधळगावच्या महिला बचत गटाच्या शेडचं कुलूप रोज कुंताबाई हेडाऊच काढायच्या. पण कुलूप काढून त्या यंत्राकडे जात नसत. चपला दारात सोडून थेट कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपुढे जायच्या, जमिनीवर बसायच्या आणि मान वाकडी करून तळाशी ठेवलेल्या कवेलूखाली पाहायच्या. छपरावरून उतरवलेलं जुनं, काळं पडलेलं मातीचं कवेलू. त्याखालच्या अंधारात बारीक मिशा हलताना दिसल्या की त्यांना हायसं वाटायचं. नाही दिसल्या, तर रेशमाचे कोसे उकळायला ठेवताना, धाग्याचं टोक शोधताना, चहा पिताना त्यांचं अर्धं लक्ष कवेलूकडेच असायचं.

कुंताबाईंचा स्वभावच तसा. घरून निघाल्या की चूल विझवली की नाही हे पाहायला वेशीवरून परत फिरणार. भैय्यालाल, त्यांचा नवरा, मागावर बसल्या बसल्याच ओरडायचा, "इझली वो चूल! मी जळलो तं धूर दिसंल तुले शेडवर." लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या टसर रेशमाचा धागा काढत होत्या. आधी मांडीवर. उघड्या मांडीवर कोशाचे तंतू तळहाताने वळता वळता तिथली कातडी कडक होऊन गेली होती. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतर काही वर्षांनी ही शेड उभी राहिली, पायाने चालवायची यंत्रं आली आणि मांडीला आराम मिळाला. जिवाला मात्र मिळाला नाही. धागा तुटेल, कोसे कमी पडतील, पोरगी उपाशी राहील, असं काहीतरी त्यांना कायम लागलेलं असायचं.

टाकी बसवली होती अनुपने. गटाच्या अध्यक्ष शोभाताई पराते यांचा हा मुलगा पॉलिटेक्निक शिकलेला, आणि त्याला वायरी, मोटारी, नळ्या यांचं वेड. त्याने काच आणून स्वतः चिकटवली, हवेचा पंप लावला, वर ट्यूबलाइट बसवली. बायका दिवसभर बारीक धाग्याकडे पाहतात, डोळ्यांना तेवढाच विसावा, असं त्याचं म्हणणं. मग बायकांनी आपसात ठरवलं, की टाकी सगळ्यांची, पण मासा जिचा तिने आणायचा. शोभाताईंनी भंडाऱ्याहून झालरीसारख्या शेपटीचा सोनेरी मासा आणला. स्वातीने काळ्या मखमलीसारखी जोडी आणली. रत्नाबाईंनी पट्ट्यापट्ट्यांचा, सगळ्यांना ढुशा देत फिरणारा. तेव्हापासून ज्या बाईशी भांडण झालं, तिच्या माशाचाही राग यायचा.

कुंताबाईंचं भंडाऱ्याला जाणं झालं नाही. त्यांची मुलगी हर्षा तेव्हा लग्नाची होती. तलावावरून परतणाऱ्या धनीराम ढिवराला तिने रस्त्यात थांबवलं. टोपली विकून झाली होती, आणि तळाच्या ओल्या पानांत बोटाएवढी एक शिंगी तेवढी उरली होती. तपकिरी, बिनखवल्याची, तोंडाला मिशा. हर्षाने ती लोट्यात घालून शेडवर आणली.

"अवं, हा तं भाजीचा मासा होय!" शोभाताई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

 हर्षा कधीच उलटून बोलत नसे. तिने लोटा टाकीत हळूच तिरपा केला. शिंगी सरळ तळाला गेली आणि खड्यांत तोंड खुपसून बसली. दुसऱ्या दिवशी हर्षाने घरामागून ते कवेलू आणून तिला आडोसा करून दिला. पुढच्या उन्हाळ्यात हर्षाचं लग्न झालं आणि ती तुमसरला गेली. भरलेलं घर. सासू-सासरे, दोन जेठ, जावा, त्यांची पोरं. पुरुष आधी जेवायचे, मग पोरं, मग सासू, मग जावा. धाकटी सून शेवटी.

लग्नाच्या पंगतीतच कुंताबाईंनी ते पाहून ठेवलं होतं. आणि ही पोरगी अशी, की वाढणारा पुढून निघून गेला तरी 'इकडे भात' म्हणून सांगणार नाही.

शेडमध्ये तसंच व्हायचं. माशांचं खाद्य म्हणजे मोहरीसारखे लाल दाणे. ते पाण्यावर तरंगायचे. झाकण वाजलं की सोनेरी, काळे, पट्ट्यावाला सगळे वर धावायचे आणि पाच बोटं मिटायच्या आत फडशा. कवेलूखालून मिशा बाहेर यायच्या, थोड्या चाचपडायच्या आणि परत आत जायच्या. त्या माशाने घास घेतलेला कुंताबाईंनी डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता.

"मेली असन वो ती," रत्नाबाई म्हणायच्या.

"मेली असती तं वर आली असती," कुंताबाई म्हणायच्या.

"मंग नुसती हवा खाऊन जगते का? तुही शिंगी साधू झाली, बाई!"

शोभाताईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. शिंगीच्या कल्ल्याजवळ काटा असतो. तो लागला की हात सुजतो, आणि शेडमध्ये बायकांची लहान पोरं येतात. "दिसत नाई, खात नाई, आन डसाची भीती वेगळी," त्या म्हणाल्या. "मंडईची जत्रा झाली का धनीरामले देऊन टाका."

दर रविवारी फोन यायचा. हर्षाच्या सासरी फोन सासूच्या हातात असायचा आणि बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल असंच व्हायचं. मागे पोरं, टीव्ही, भांडी. कुंताबाई विचारायच्या, "जेवली का?" तिकडून यायचं, "हो, जेवली." आणि मग हर्षा विचारायची, "आई, शिंगी खाते का?"

"खाते! चांगली खाते!" कुंताबाई मोठ्याने सांगायच्या. आपल्या पोरीने एवढी एकच गोष्ट विचारावी आणि तिलाही नाही म्हणावं, हे त्यांच्याने होत नव्हतं.

दिवाळी झाली. आंधळगावची मंडई ठरली. मंडईला गावच्या लेकी माहेरी येतात, तशी हर्षाही येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच चार दिवस राहायला. कुंताबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की पोरगी आल्या आल्या शेडवर जाईल, कवेलू उचलेल, आणि खाली काय दिसेल?

त्यांनी कणकेच्या गोळ्या करून टाकल्या. त्या सोनेरी माशाने तळाशी पोचायच्या आधीच गिळल्या. काडीच्या टोकाला अंड्याचा बलक लावून कवेलूच्या तोंडाशी धरला. शिंगी आणखी आत सरकली आणि पट्ट्यावाल्याने बलकासोबत काडीही चावली.

"तिले भूक नसन," भैय्यालाल म्हणाला.

"भूक नसलेलं जनावर तुमी पाह्यलं कधी?"

"मी तुले पाह्यलं. पोरगी सासरी गेली तसं तुहं जेवण निम्म्यावर आलं."

कुंताबाईंनी ताट पुढे ओढलं आणि विषय बदलला.

मग त्यांना उपाय सापडला. शेडच्याच मागच्या दारात.

कोशातून धागा निघून गेला की आत तपकिरी किडा उरतो. बायका तो टोपल्यात टाकतात. धनीराम आठवड्याला येऊन पोतं भरून न्यायचा आणि आपल्या बोडीत, शेतातल्या लहान तळ्यात, टाकायचा. "माह्या बोडीतले मासे पाय न," तो सांगायचा, "या किड्याईनं असे फुगले का जाळं फाटते." कुंताबाईंनी तीस वर्षं हे किडे टोपल्यात टाकले होते. किडा जड, बुडणारा. तरंगणारच नाही, तर वरचे मासे खातील कसे?

त्यांनी दोन किडे घेतले आणि लांब काडीने कवेलूखाली सारून दिले. सकाळी पाहिलं तर किडे कवेलूच्या तोंडाशी नव्हते. कुंताबाईंनी त्या दिवशी रत्नाबाईंना आपल्या डब्यातली भाजी दिली आणि का दिली ते सांगितलं नाही.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी शेड दोन दिवसांसाठी बंद व्हायची होती. दोन दिवस शिंगीला कोण देणार? कोसे उकळायच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तेव्हाच काढलेले किडे होते. कुंताबाईंनी मूठभर घेतले, गार होऊ दिले आणि एकेक करून सगळे कवेलूखाली ढकलले. मग कुलूप लावलं, ओढून पाहिलं, थोडं पुढे गेल्या, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं.

मंडईच्या दिवशी गावात सकाळपासून धांदल. आकाशपाळणा उभा राहत होता, मिठाईवाले पाल बांधत होते, घरोघरी वडे तळले जात होते. कुंताबाईंनी उडदाची डाळ वाटायला घेतली आणि मध्येच हात धुऊन टाकले.

"कुठी चालली?" भैय्यालालने विचारलं.

"येतो जरा."

"शेड बंद हाय."

"म्हणूनच येतो."

दार उघडलं आणि आधी वास आला. मग त्यांनी पाहिलं. पंपाचे बुडबुडे बंद होते, वीज गेलेली होती. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं आणि वर तेलाचा पातळ तवंग आला होता. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून त्यांची सारखी उघडझाप करत होते. शोभाताईंचा सोनेरी मासा एका कुशीवर कलला होता. त्याची झालर एरवीसारखी डोलत नव्हती.

कुंताबाई टाकीकडे धावल्या. सगळ्यांचे मासे. एकेका बाईने हौसेने आणलेले. आपल्या एका माशाच्या पोटासाठी आपण हे केलं. त्यांनी बादली उचलली, टाकीत घातली, आणि मग सगळं पाणी काढावं की नाही तेच कळेना. मोबाइल काढून त्यांनी अनुपला लावला. तो बुटीबोरीला कंपनीत होता.

"काकू, घाबरू नका. टाकलं काय त्यात?"

"कोशातले किडे."

"उकळलेले?"

"गंजातूनच काढले."

अनुपच्या लक्षात आलं. "कोसे उकळताना सोडा टाकता न तुम्ही? तो किड्यात मुरला राहाते. आन किड्याचं तेल. धनीरामकाकाची बोडी मोठी हाय, तिले काही होत नाई. आपली टाकी म्हणजे चार बादल्या पाणी. ऐका, सगळं पाणी काढू नका, एकदम बदललं तं तेच मरतीन. निम्मं काढा. बोरिंगचं पाणी हळूहळू घाला, उंचावरून, म्हणजे हवा मिसळंल. आन किडे पयले बाहेर काढा. एकही ठेवू नका."

किडे कवेलूखाली होते. आणि कवेलूखाली शिंगी.

तेवढ्यात दारात आवाज आला. "आई, बाबा म्हणाले तू इकडे गेली." हर्षा होती. खांद्यावर पिशवी, सकाळच्या बसची धूळ तिच्या केसांत. तिच्या मागून शोभाताई आल्या, कारण उघडं दार त्यांना त्यांच्या अंगणातून दिसलं होतं.

शोभाताईंनी टाकी पाहिली. "काय केलं वो हे, कुंताबाई? माहा मासा पाय! काय केलं तुमी?"

"किडे टाकले. शिंगीसाठी. माह्याकडून चुकलं."

"त्या शिंगीच्या पायी सगळ्याइले माराले निघाल्या? वर्षभरात कोणं तिले खाताना पाह्यलं नाई!"

हे हर्षाच्या समोर बोललं गेलं. कुंताबाईंना तिच्याकडे पाहवलं नाही. पदर खोचून त्यांनी बाही वर केली.

"आई, हात नको घालू, काटा हाय तिले. चिमटा कुठी हाय?"

पण चिमटा शोधायला वेळ नव्हता. सोनेरी मासा आता पूर्ण आडवा झाला होता. कुंताबाईंनी एका हाताने कवेलू उचललं आणि दुसरा हात त्या पांढऱ्या पाण्यात घालून हाताला लागेल ते मुठीत घेऊ लागल्या. मऊ, फुटलेले किडे. एकदा, दोनदा त्यांनी ते बाहेर फेकले. तिसऱ्यांदा हात घातला आणि अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी तापलेली सुई आरपार घातल्यासारखं झालं.

"अवं माय!"

त्यांनी हात बाहेर ओढला. आणि त्याच वेळी तळातून काहीतरी सुळकन वर आलं. हाताच्या पंज्याएवढी लांब, जाड, तुकतुकीत. शिंगी पाण्यावर आली, तोंड बाहेर काढून तिने हवेचा मोठा घोट घेतला आणि पांढऱ्या पाण्यात परत खाली गेली. बाकीचे मासे धापा टाकत असताना तिचं मात्र ठीक चाललं होतं.

तिघी जणी पाहत राहिल्या.

"बोटाएवढी आणली होती न तू?" शोभाताईंनी हर्षाला विचारलं.

"हो."

"आन हे? हे कायचं उपाशी? मेलीनं पोट केवढं केलं पाय! उपाशी मासा असा डसते का?"

 हर्षाने पिशवी खाली ठेवली, साडी वर खोचली आणि चिमटा शोधून काढला. "मावशी, तुमी बोरिंगवरून पाणी आणा," ती शोभाताईंना म्हणाली. "स्वातीवयनीलेही बलवा. आई, तू चुलीवर पाणी ठेव. साधं, सोड्याचं नाई. सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडव. धनीरामकाका तसंच करते."

शोभाताईंना कुणी काम सांगितल्याचं आंधळगावात कुणाला आठवत नसेल. पण त्यांनी बादली उचलली.

तास-दीड तास पाणी काढणं आणि घालणं चाललं. हर्षा बाकावर उभी राहून लोट्याची बारीक धार उंचावरून सोडत होती. मध्येच वीज आली आणि बुडबुडे सुरू झाले. काळी जोडी हळूहळू खाली उतरली. पट्ट्यावाला पुन्हा ढुशा देऊ लागला, तेव्हा तो रत्नाबाईंचा असूनही सगळ्यांना बरं वाटलं. सोनेरी मासा मात्र उठला नाही. शोभाताईंनी तो स्वतःच्या हाताने पाण्यातून काढला आणि ओल्या कापडात गुंडाळला.

कुंताबाईंनी हात गंजातून बाहेर काढला. तो मनगटापर्यंत सुजला होता. "शोभाताई, तुमी म्हणान ते करतो. शिंगी देऊन टाका. मले काही नाई म्हणाचं."

शोभाताई कापडाकडे पाहत होत्या. "आता तिले देऊन माहा मासा येते का?" त्या म्हणाल्या. "पण तिले कधी खाऊ घालाचं ते अनुपले विचारा. आपल्या मनानं काही टाकू नका. आन आठ दिवस यंत्रावर बसू नका. त्या हातानं धागा तोडान."

त्यांनी अनुपला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, शिंगी अंधारातच बाहेर निघते. ट्यूबलाइट बंद झाली की तळाशी पडलेलं, उरलंसुरलं शोधून खाते. तुम्ही उजेडात पाहता, म्हणून दिसत नाही. बुडणारे दाणे घ्या आणि बत्ती बंद करून टाका. "आईच्या माशाचं मी पाहतो," असंही त्याने सांगितलं, पण तोवर शोभाताई कापड घेऊन निघून गेल्या होत्या.

शेडमध्ये मायलेकी उरल्या. बाहेर मंडईचा भोंगा सुरू झाला होता. हर्षा फरशीवरचं पाणी पुसत होती. तिचे दंड कुंताबाईंना पहिल्यापेक्षा बारीक वाटले, मग वाटलं तसेच आहेत, मग पुन्हा बारीक वाटले.

"मी तुले फोनवर खोटं सांगत होतो," त्या म्हणाल्या. "खाताना नाई पाह्यलं मी तिले."

"माहीत होतं. तू 'खाते' म्हणताना एवढी ओरडे, का जाऊबाई हसे."

"आन तू?"

"मी काय?"

"तू 'जेवली' म्हणे, ते?"

हर्षाचा पुसणारा हात थांबला. "पयले पयले उरत नोयतं काही," ती म्हणाली. "मंग एक दिवस भात उतरवला आन पयले माह्यं ताट काढून झाकून ठेवलं. सासूबाई बोलल्या. आताही बोलते. मी ऐकून घेतो आन ठेवतो."

"पोटभर?"

"हो न."

कुंताबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरं की खोटं, काही कळेना. हाताची ठणक कोपरापर्यंत चढली होती आणि त्यांना तिचं भान नव्हतं.

"मंडई झाली का मी येतो तुह्यासंगं," त्या म्हणाल्या. "तुमसरले. हात सुजला हाय, तसंही यंत्रावर बसाचं नाई."

"कायले, आई?"

"तुह्या घरी जेवाले. तुमी सगळ्या बाया जेवता न, त्याच पंगतीत. तुह्या बाजूले."

"तू पाहाले येतं काय?"

"पाहालेच येतो."

 हर्षाने फडकं पिळलं, बादली उलटी करून ठेवली, दार लोटून घेतलं आणि ती दिव्याच्या बटणाकडे गेली. "बत्ती बंद करतो," ती म्हणाली. "तू टाकीकडे तोंड करून बस. आन हालू नको."